गालिच्याखालचे अस्तर

अमेरिकेतील न्यू जर्सीसारख्या थंड राज्यात एखाद्या गृहस्थाने केवळ भाड्याने देण्यासाठी घर घेतले म्हणजे, जुन्या भाडेकरूने कब्जा सोडल्यावर आणि नवा येण्यापूर्वी, भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेला गालिचा बदलण्याचा प्रसंग केव्हा ना केव्हा येतोच. आणि हा प्रसंग वरवर जमाखर्चाचा दिसत असला, तरी जिचा उपभोग आपण घेणार नाही अशी वस्तू निवडताना बुद्धी कोणत्या निकषावर स्थिर ठेवावी, हा धर्मविचारातला जुनाच प्रश्न त्यात उभा राहतो.

तंतूविषयी फार बोलावयास नको. नायलॉन पावलांखाली दबूनही पुन्हा उभारी धरतो. पॉलिएस्टर स्वस्त, पण वर्दळीच्या वाटेवर लवकर चेपून बसतो. खरी परीक्षा त्याखालच्या अस्तराची. फोमचे तुकडे एकत्र दाबून केलेल्या या अस्तराचे मोल जाडीवर नसून घनतेवर असते. घनफुटास 8 पौंड भरणारे, अर्ध्या इंचाहून कमी जाडीचे अस्तर टिकते, उलट जाड आणि मऊ अस्तर दुकानात पायाला सुखद वाटले तरी गालिचा पावलागणिक त्यात खचतो, त्याची पाठ सुटू लागते आणि त्याला सुरकुत्या पडतात. परंतु कडेच्या खिळेपट्ट्यांवर गालिचा एकदा ताणून बसवला, की अस्तर कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. घर पाहावयास आलेला मनुष्य रंग पाहतो, लव चाचपतो, अस्तराविषयी विचारीत नाही, आणि करारनाम्यातही त्याचा उल्लेख नसतो. कसर करण्याचा मोह होतो तो नेमका येथेच.

लोकमान्य टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त आत्मौपम्यबुद्धीला, म्हणजे दुसऱ्याचे सुखदुःख स्वतःच्या ठायी कल्पून वागण्याला, नीतिविचारात फार मोठे स्थान दिले आहे. येथे अडचण अशी, की ज्याचे सुखदुःख कल्पावयाचे तो अद्याप अज्ञात आहे: तो गुडघे धरलेला वृद्ध असेल, रांगत्या मुलाची आई असेल, किंवा रात्रपाळी करून दिवसा झोपणारी, वरच्या मजल्यावरील पावलांनी दचकून जागी होणारी परिचारिका असेल. तरीही मला वाटते, की ही कसोटी अशा वेळीच अधिक शुद्ध होते. कारण परिचिताविषयीच्या आपुलकीत परतफेडीची अपेक्षा नकळत मिसळलेली असते, आणि अज्ञाताच्या बाबतीत तिला आधारच उरत नाही.

यावर कोणी म्हणेल, की चांगले अस्तर मालकाच्याही हिताचे, मग त्यात धर्म कोठला? आक्षेप रास्त आहे. जेथे हित आणि कर्तव्य एकाच दिशेने चालतात, तेथे मनुष्याची पारख होत नाही. पण घर दोन वर्षांनी विकण्याचा बेत पक्का असून हलके अस्तर तेवढी मुदत सहज काढील अशी खात्री असताना जो घट्ट अस्तरच घालतो, त्याने आत्मौपम्य खरोखर आचरिले, असे मी मानतो.

तेथील कायदाही या विचारापासून फार दूर नाही: नेहमीच्या वापराने झालेली झीज अनामत रकमेतून कापून घेण्यास सर्वसाधारणपणे मज्जाव आहे, कारण घरात राहणे म्हणजेच ते झिजविणे, आणि भाडे त्याचेच दिलेले असते. मग हलक्या अस्तरामुळे गालिच्याला पडलेली सुरकुती जो भाडेकरूच्या नावे मांडतो, तो केवळ कायदा मोडीत नाही. ज्या दोषाचे कारण पाहण्याची संधीच त्याने दुसऱ्याला दिली नव्हती, त्याचा दंड तो त्याच्याकडून वसूल करतो, आणि हा अन्याय मला त्या कसरीहूनही मोठा वाटतो.