उचलणे आणि पेलणे

उचलणे निराळे आणि पेलून धरणे निराळे. हा भेद आम्हास सेवानिवृत्तीनंतर बहादरपुरच्या आमच्या अंगणात उमगला. जुन्या मारुती ८०० चे चाक काढण्यासाठी आम्ही जॅक लावला होता. एक नट गाडीखाली घरंगळला. शेजारचा मुलगा ‘काका, मी काढतो’ म्हणत वाकला आणि आम्ही ‘काढ’ म्हणालो. तेवढ्यात पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत जॅक रुतला व साडेसहाशे किलोंची गाडी कलली. मुलगा अजून बाहेरच होता, एवढेच आमचे पुण्य.

जॅक गाडी उचलतो. माणूस खाली असता ती पेलणे हे त्याचे काम नव्हे. त्यासाठी सपाट, कठीण जमीन, टेकलेल्या चाकांना ठोकळे आणि नेमल्या जागी भक्कम लोखंडी स्टँड हवेत. विटांचा थर चालत नाही. वीट न सांगता फुटते.

स्वतःच्या जिवाशी खेळण्याचा अधिकार माणसास आहे काय, यावर वाद होईल. परंतु दुसऱ्याने आपखुशीने होकार दिला, म्हणून आपली जबाबदारी सुटते काय? शासकीय सेवेत आमच्या सहीवर इतर माणसे कामास जात; धोका त्यांचा, सही आमची. त्या मुलाचा होकारही धोक्याच्या ज्ञानातून आला नव्हता. तो आमच्या पांढऱ्या केसांवरील विश्वासातून आला होता. असा विश्वास ज्याच्यावर टाकला जातो, त्यानेच आधी आधार लावावयाचा असतो.