घराचा चट्टा
(लेवीय १४:३३-५३)



लेवीयाच्या चवदाव्या अध्यायाचा उत्तरार्ध आपल्या मंडळ्यांत क्वचितच वाचला जातो. भिंतीला महारोग होतो हें ऐकून ईश्वरविज्ञानशाळेंत आम्हां विद्यार्थ्यांस हसूं आलें होतें. भंडारा जिल्ह्यांत इतके पावसाळे काढल्यावर आतां त्या हसण्याची लाज वाटते. हिरवट अथवा तांबूस चट्टे, तेहि भिंतीच्या अंगांत खोल गेलेले, आपल्यापैकीं कोणीं पाहिले नाहींत? मूळ इब्री शब्द मनुष्याच्या कातडीस, कापडास व भिंतीस सारखाच लावलेला आहे; भिंतीवरचा तो चट्टा म्हणजे बुरशीच असावी असें पुष्कळ अभ्यासकांचें मत आहे.

बुरशीचें बी, ज्यास बीजाणू म्हणतात, तें डोळ्यांना दिसत नाहीं. एका मिलिमीटरांत शंभराहून अधिक बीजाणू ओळीनें मावतील. बांधींत, तणसांत, आपल्या श्वासाच्या हवेंत तें सदैव असतेंच. परंतु ओल मिळाल्याशिवाय रुजत नाहीं. सन २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशांत अतिवृष्टि झाली, संजय सरोवराचें पाणी सोडण्यांत आलें, आणि वैनगंगेनें कांठचीं कित्येक गांवें व भंडारा शहराचा सखल भाग बुडविला. पूर ओसरला, भिंतींत शिरलेलें पाणी मात्र तितक्या लवकर ओसरलें नाहीं. भिजलेली वस्तु एक-दोन दिवसांत वाळवावी, नाहीं तर बुरशी धरते, असें ज्ञाते सांगतात. आपल्या जाड मातीच्या भिंतींना दोन दिवस कोठून पुरणार!

आतां आमचीच गोष्ट सांगतों. आमच्या देखरेखीखालील एका प्रार्थनामंदिराची मागची भिंत काळवंडली होती. हंगामाच्या उपकारस्तुतीस पाहुणे यावयाचे होते, म्हणून आम्हीं तिजवर चुन्याचे दोन हात देवविले. भिंत पांढरी शुभ्र दिसली, पाहुण्यांनीं वाखाणणी केली. पुढच्या मृगांत चट्टे पुनः वर आले. तेव्हां आम्हीं सिमेंटचा गिलावा करविला. त्यानें अधिकच बिघडलें. कारण मातीची भिंत आपली ओल बाहेर सोडीत असते, तिचें तोंड बंद केल्यावर ओल हातभर आणखी वर चढली.

त्या भिंतीजवळ बायकांच्या बाजूस एक भगिनी आपल्या लहान मुलास घेऊन बसत. त्यांनीं दोनदां सांगितलें कीं, लेकराला येथें बसलें म्हणजे घरघर लागते, घरीं तितकी लागत नाहीं. आम्हीं मुलावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि थंडी असेल असें म्हणालों. पुढें त्या येईनाशा झाल्या. आम्हीं नांवनिशींत त्यांच्या नांवापुढें "विश्वासांत थंड" असा शेरा लिहिला. तो आमच्याच हातचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनें सन २००९ मध्यें ओल व बुरशी यांविषयीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला आहे. ओलसट घरांत राहणाऱ्यांस खोकला, घरघर व दमा यांचा त्रास अधिक होतो, असें त्यांत दाखविलें आहे. (२०२१ सालीं ज्या काळ्या बुरशीनें सर्वांस घाबरविलें तिची गोष्ट निराळी. ती मुख्यत्वें मधुमेह आटोक्यांत नसलेल्यांस व स्टेरॉइड औषधें घेतलेल्यांस झाली, आणि ती माणसापासून माणसास लागत नाहीं. भिंत काळी दिसली म्हणून कोणीं तिच्या भयानें घर सोडूं नये.)

आतां वचनाकडे पाहा. प्रथम घरधनी स्वतः याजकाकडे जातो व आपल्या घरांत चट्टा दिसतो असें सांगतो. याजक येण्यापूर्वीं घर रिकामें करवितो, कां कीं गरिबाचीं भांडींकुंडीं त्यांत अशुद्ध ठरूं नयेत. केवढी ही दया! मग सात दिवस घर बंद. चट्टा पसरला तर ते दगड उपटून गांवाबाहेर टाकावे, भिंती खरवडाव्या, आणि त्यानंतर नवे दगड व नवा गिलावा. आम्हीं शेवटचें काम प्रथम केलें आणि पहिलें केलेंच नाहीं. आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानांत फार उशिरा आली: घरधन्यानें कोणतें पाप केलें, असें याजक एकदांहि विचारीत नाहीं. सांगावयास आलेल्याचें तो ऐकतो आणि भिंत पाहावयास जातो.

गेल्या महिन्यांत आम्ही त्या भगिनींच्या घरीं गेलों. शेरा कसा पडला तें सांगितलें व क्षमा मागितली. त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "पास्टरसाहेब, आधीं भिंत सुकूं द्या."

पागोळीचें पाणी भिंतीच्या मुळाशींच पडत असे. तेथें आतां चर खणला आहे. सिमेंट काढण्याचें काम चालू आहे. दुसऱ्या गांवीं कोणी असें काम करणार असतील तर त्यांनीं भिंत अगोदर पाण्यानें भिजवावी. कोरडी खरवडली तर बीजाणूंचा धुरळा उठतो. नाकातोंडास चांगला मास्क लावावा, साध्या फडक्यावर विसंबूं नये, आणि लेकरांना व दमेकऱ्यांना तेथें फिरकूं देऊं नये. भिंत आंतून सुकल्यावरच माती व चुन्याचा हात द्यावयाचा आहे. तोंवर आमची उपासना चिंचेखालीं होते. मंदिरांतील सतरंज्यांस वास येत होता, म्हणून त्या तेथें आणलेल्या नाहींत; ज्यानें त्यानें आपली चटई आणावी.