वऱ्हाडचे ऊन आणि खचलेले हृदय

ज्या वऱ्हाडात उन्हाळ्याचे वर्णन करताना अतिशयोक्तीचा आश्रय घ्यावाच लागत नाही, ज्या मूर्तिजापूर तालुक्यात मे महिन्याच्या अखेरीस व पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात सूर्य नेमका माथ्यावर येतो, तेथील माणसाच्या रक्तात सूर्यप्रकाशानेच निर्माण होणाऱ्या ड जीवनसत्त्वाची उणीव निघावी, ही गोष्ट प्रथमदर्शनी असंभाव्य वाटते. परंतु हे जीवनसत्त्व उन्हाच्या तापाने नव्हे, तर दिवस चांगला वर आल्यावर भूमीपर्यंत पोहोचणाऱ्या विशिष्ट अतिनील किरणांनी उघड्या त्वचेत तयार होते. आणि कापूस वेचणारी बाई लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा चढवून, डोक्याला व तोंडाला दुपट्टा गुंडाळून कामाला लागते, तर दुकानदार व कारकून ती वेळ छपराखाली घालवतात. त्यात त्वचा सावळी, आणि भाकरी-वरणाच्या आहारात या जीवनसत्त्वाचा अंश नगण्य.

ही उणीव हार्ट फेल्युअरच्या रोग्यांत विशेष आढळते. या विकारात हृदय थांबलेले नसते. शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे लोटण्याचे त्याचे सामर्थ्य उणावलेले असते, म्हणून पायांवर सूज चढते, उताणे निजले की दम लागतो, आणि ओसरीवरून अंगणात उतरणेही जिवावर येते. ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी, त्यांची प्रकृती अधिक ढासळते व मृत्यूचे प्रमाणही अधिक असते, असे अनेक निरीक्षणांत दिसून आले. तेव्हा ही उणीव भरून काढली की हृदय सावरेल, अशी आशा वैद्यकाला वाटली, आणि ती अस्वाभाविक नव्हती.

त्या आशेची रुजवात प्रत्यक्ष प्रयोगांनी घेतली. इंग्लंडात लीड्स येथे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रोग्यांना वर्षभर रोज ड जीवनसत्त्वाचे ४००० युनिट दिल्यावर हृदयाचे आकुंचन सुधारलेले दिसले, परंतु सहा मिनिटांत चालण्याचे अंतर वाढले नाही. जर्मनीत ४०० रोग्यांवर तीन वर्षे चाललेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एव्हिटा प्रयोगात तीच मात्रा मृत्यू टाळू शकली नाही. उलट हृदयाला यांत्रिक आधार बसवण्याची पाळी औषध घेणाऱ्यांवर अधिक वेळा आली. अमेरिकेतील सुमारे २६ हजार लोकांच्या व्हायटल प्रयोगातही रोज २००० युनिट घेतल्याने हार्ट फेल्युअरसाठी प्रथमच इस्पितळात दाखल होण्याचे प्रमाण लक्षणीय घटले नाही.

उणीव भरूनही हृदय का सावरले नाही, याचा उलगडा रोग्याच्या दिनक्रमातच आहे. दम लागतो म्हणून तो घराबाहेर पडत नाही. अन्नावरची वासना उडते. आतड्यांना सूज आल्याने शोषण मंदावते. आणि ज्या मूत्रपिंडांत या जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप मिळते तीच दुबळी होतात. अर्थात बहुतांशी ही उणीव गुन्ह्याची साक्षीदार आहे, तिलाच आरोपी ठरवून शिक्षा केल्याने मूळ अपराध मिटत नाही.

म्हणून चाचणीत खरोखरच कमतरता निघाली, तर हाडांच्या व स्नायूंच्या हितासाठी ती वैद्याच्या सल्ल्याने अवश्य भरून काढावी. पण शेजाऱ्याने सुचवले म्हणून साठ हजार युनिटची पुडी महिनोन्‌महिने चालू ठेवू नये. अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढते, आणि डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध घेणाऱ्याच्या हृदयाची लय त्यामुळे धोकादायकरीत्या बिघडू शकते. याउलट ज्या औषधांनी आयुष्य वाढते हे सिद्ध झाले आहे ती नियमित घेणे, रोज सकाळी वजन करून दोन-तीन दिवसांत ते एकाएकी वाढल्यास दवाखाना गाठणे, लोणचे, पापड व वरचे मीठ आवरणे, आणि झेपेल तितके चालणे, यांतच खरा लाभ आहे.

गाडगेबाबांचे बालपण याच मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी गेले. नवस-सायासांवर त्यांनी जन्मभर कोरडे ओढले, आणि आपल्या दशसूत्रीत रोग्याला औषधोपचार मिळावा हे कर्तव्य म्हणून सांगितले. पुडीवर ठेवलेली आंधळी श्रद्धाही नवसाच्याच जातीची आहे. ज्या कुटुंबाचा दवाखान्याचा खर्च कापसाच्या भावावर अवलंबून असतो, त्याचा रुपया प्रथम सिद्ध औषधाकडे वळला पाहिजे. आणि ते औषध तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात अखंड मिळत राहावे, हा रोग्याचा रास्त हक्क आपण सर्वांनी मिळून मागितला पाहिजे.