आपण हरलो



मराठी भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत या दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो. 'आम्ही' म्हटले की ज्याच्याशी बोलतो तो बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तोही आत येतो. आपली लेकरे हा फरक कोणी न शिकवता शिकतात. मोठी माणसे मात्र एका प्रसंगी तो हमखास विसरतात: आपला संघ शेजारच्या संघाकडून सडकून मार खातो तेव्हा.

आपल्या जव्हार-मोखाड्यात कबड्डी आणि क्रिकेटचे वेड मोठे. वसईच्या ख्रिस्ती गावांत फुटबॉल पूर्वीपासून रुजलेला आहे. आपल्याकडे तो अलीकडे मोबाईलवरून आला. 2022 चा विश्वचषक मोबाईलवर फुकट पाहायला मिळाला, आणि जिथे रेंज तिथे पोरे गोळा झाली. खेळ कोणताही असो, हरण्याचे दुःख सारखेच. आणि त्या दुःखाचा एक विचित्र नियम आहे. मोखाड्याचा संघ मुंबईच्या संघाकडून हरला तर आपण म्हणतो, "ते मोठे, त्यांच्याकडे मैदाने, बूट, प्रशिक्षक." जव्हारकडून हरला तर मन खट्टू होते. आणि शेजारच्या पाड्याकडून हरला, तोही मोठ्या फरकाने, तर रात्री घास घशाखाली उतरत नाही. असे का व्हावे?

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी मत्सराचा विचार करताना हे नेमके हेरले आहे. मत्सर म्हणजे दुसऱ्याच्या भल्याचे वाटणारे दुःख. आणि ते म्हणतात की माणूस फार दूरच्याचा मत्सर करीत नाही. जो आपल्या जवळचा, आपल्या बरोबरीचा, त्याचाच करतो. त्यांच्याही आधी ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने मत्सराच्या शेजारी आणखी एक दुर्गुण ठेवला होता: दुसऱ्याच्या वाइटात होणारा आनंद. शेजाऱ्यांच्या सामन्यात हे दोन्ही दुर्गुण एकाच मैदानावर उतरतात. हरणाऱ्याच्या मनात पहिला, जिंकणाऱ्याच्या मनात दुसरा.

याचे मोठे रूप महाराष्ट्रात पाहायचे तर कोल्हापूरला जावे. तिथला फुटबॉल तालमींतून वाढला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावे तिथे नुसत्या संघांची नाहीत. ती पेठांची, घराण्यांची, आजोबा-नातवांची नावे आहेत. छत्रपती शाहू स्टेडियमवर हजारो माणसे येतात. याच मातीतून अनिकेत जाधव निघाला आणि 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. पण याच मैदानावर समर्थकांच्या हुल्लडबाजीमुळे सामने थांबवण्याची वेळही आलेली आहे. पेठेवरचे प्रेम एकच; त्याने खेळाडूही घडवला आणि दगडही उचलला.

काही शहाणी माणसे यावर सोपा उपाय सांगतात: "अरे, खेळच तर आहे! कशाला मनाला लावून घेता?" मला हा उपाय पटत नाही. प्रेम केले की माणसाचा 'मी' मोठा होतो. मुलाच्या पायात काटा गेला तर आई कळवळते, कारण तिच्या 'मी'त ते मूल सामावलेले असते. आपल्या गावची मुले मैदानात धावतात तेव्हा आपलेही पाय थरथरतात, हे प्रेमाचेच लक्षण आहे. ज्याला हरल्याचे काहीच वाटत नाही, त्याला गावाचेही फारसे वाटत नसावे. म्हणून वाईट वाटणे हा दोष नाही. प्रश्न एवढाच की वाईट वाटल्यावर आपण काय करतो. मला तीन मोह दिसतात.

पहिला मोह हात झटकण्याचा. 1976 साली रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील विद्यापीठांत एक पाहणी प्रसिद्ध केली. विद्यापीठाचा संघ (तिकडच्या अमेरिकन फुटबॉलचा) जिंकला की सोमवारी जास्त विद्यार्थी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालून येत. जिंकल्यावर बोलताना ते 'आपण' म्हणत; हरल्यावर हा शब्द मागे पडे आणि संघ 'ते' होई. आपल्याला हे समजायला अमेरिकेला जायची गरज नाही. आपल्या पाड्याचा संघ जिंकला की "आपण जिंकलो", आणि हरला की "पोरं हरली". ज्या पोरांच्या घामात आपण काल वाटेकरी होतो, त्यांच्या अपमानात आज वाटेकरी व्हायला आपण तयार नसतो. 'आपण' हा शब्द फुकट मिळत नाही. जिंकल्यावर तो वापरायचा असेल तर हरल्यावरही त्याची किंमत मोजावी लागते.

दुसरा मोह एकाला धरण्याचा. जुन्या करारात बळीच्या बकऱ्याची प्रथा सांगितली आहे. लोकांची सारी पापे त्याच्या डोक्यावर ठेवून त्याला रानात हाकलून देत. हरलेले गाव हेच करते. बकरा बहुधा गोलरक्षक असतो, कबड्डीत शेवटच्या चढाईला बाद झालेला असतो, क्रिकेटमध्ये झेल सोडलेला असतो. 16 जुलै 1950 रोजी रिओच्या माराकाना मैदानात शेजारच्या उरुग्वेने ब्राझीलला 2-1 असे हरवले. निर्णायक गोल स्वीकारणारा ब्राझीलचा गोलरक्षक मोआसिर बार्बोझा याला देशाने जन्मभर माफ केले नाही. उतारवयात तो म्हणाला होता की ब्राझीलच्या कायद्यात सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे, मी मात्र पन्नास वर्षे भोगतो आहे. 2000 साली तो वारला. अकरा जणांचा पराभव एका माणसाच्या नावावर पन्नास वर्षे लिहिला गेला. आणि कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारने 1994 च्या विश्वचषकात चुकून आपल्याच जाळ्यात चेंडू मारला. मायदेशी परतल्यावर, काही दिवसांतच, त्याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. आपल्या गावात एवढे होत नाही, असे म्हणून सुटका करून घेऊ नये. सोळा वर्षांच्या मुलाला महिनाभर नाक्यावर, एस्टी स्टँडवर, व्हॉट्सॲपवर टोमणे खावे लागले तर तो पुन्हा मैदानात उतरेल का?

तिसरा मोह द्वेषाचा. संत ऑगस्टीन यांनी आपल्या मित्राची, अलिपियसची, गोष्ट सांगितली आहे. त्याला रोममधील रक्तरंजित झुंजींचा तिटकारा होता. मित्रांनी ओढून नेले तेव्हा तो डोळे मिटून बसला. पण गर्दीचा एक प्रचंड आरोळा उठला, कुतूहलाने त्याने डोळे उघडले, आणि त्या क्षणी तो स्वतः उरला नाही. गर्दीचा एक तुकडा झाला. पुढे हाच अलिपियस बिशप झाला, म्हणजे माणूस मुळात वाईट नव्हता. गर्दीत चांगल्या माणसाचेही डोळे असे उघडतात की विवेकाचे डोळे मिटतात. हरण्याची चीड, बाजूला शंभर माणसे, आणि समोरच्याने डिवचले की तोंडातून पाड्याचे नाव निघते, मग जमातीचे, मग घरातल्या आयाबहिणींचे. खेळ संपून तासही झालेला नसतो आणि वर्षाचे वैर तयार होते.

हे वैर किती टोकाला जाते ते कोलकात्याने पाहिले आहे. मोहन बागान 1889 चा क्लब, ईस्ट बंगाल 1920 चा. एक मूळच्या पश्चिम बंगालच्या लोकांचा मानला जातो, दुसरा पूर्व बंगालातून आलेल्यांचा. ईस्ट बंगाल जिंकला की घरी हिलसा मासा शिजतो, मोहन बागान जिंकला की कोळंबी. इथवर सगळे गोड आहे. 30 सप्टेंबर 1975 रोजी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला 5-0 असे हरवले. त्या दुःखात मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने आपले जीवन संपवले. पाच वर्षांनी, 16 ऑगस्ट 1980 रोजी, ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत मारामारी आणि चेंगराचेंगरी होऊन सोळा जण मरण पावले. त्यांच्या आयांना निकाल काय लागला याचे काय होते?

म्हणून पालकांना एक विनंती. हरल्यावर एखादा मुलगा गप्प झाला, जेवेनासा झाला, तर "खेळापायी एवढे काय" म्हणून त्याची थट्टा करू नका. त्याच्याजवळ बसा. दुःख लहान कारणाचे असले तरी ते सोसणारा लहान नसतो.

आता थोडे जिंकणाऱ्याविषयी, आणि प्रतिस्पर्ध्याच्या मोलाविषयी. 18 ऑक्टोबर 2014 रोजी, इंडियन सुपर लीगच्या पहिल्याच वर्षी, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर मुंबई सिटीने एफसी पुणे सिटीला 5-0 असे हरवले. आंद्रे मोरिट्झने त्या स्पर्धेच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक केली. मुंबई-पुण्याची जुनी चढाओढ आपल्याला ठाऊक आहे. नारिंगी कपड्यांतल्या पुणेकरांना तो प्रवास किती लांब वाटला असेल! पण त्यांच्या वाट्याला पुढे याहून वाईट दिवस आला. 2019 साली पैशांच्या अडचणीमुळे पुण्याचा संघच बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. पाच गोल खाणारा संघ पुढच्या सामन्यात उभा राहू शकतो. नाहीसा झालेला संघ कोणाकडून हरणार? आणि मुंबईकरांनीही काही गमावले. 2021 साली मुंबई सिटीने विजेतेपद मिळवले, तेव्हा ज्यांच्यासमोर मिरवायचे ते महाराष्ट्रातले प्रतिस्पर्धी स्पर्धेत नव्हतेच.

प्रतिस्पर्धी हा अशा अर्थाने आपला भागीदार असतो. समोर कोणी नसेल तर चढाई कोणावर करायची? आपल्याला पाच गोलांनी हरवणारा शेजारी आपल्याला एक खरी गोष्ट सांगतो: तुमचा बचाव कच्चा आहे, तुमचा सराव कमी आहे. हे स्तुती करणारे मित्र सांगत नाहीत. आणि जिंकणाऱ्यानेही लक्षात ठेवावे की पडलेल्याला खिजवल्याने विजय मोठा होत नाही. नाचा, ताशा वाजवा, पण हरलेल्याच्या दारात जाऊन वाजवू नका.

कोलकात्याची गोष्ट अर्धी राहिली. 9 ऑगस्ट 2024 रोजी तिथल्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण महिला डॉक्टरवर अत्याचार करून तिचा खून झाला. सारे शहर रस्त्यावर आले. 18 ऑगस्टला ड्युरँड चषकात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना होता. बंदोबस्ताचे कारण देऊन तो रद्द झाला. तरीही दोन्ही संघांचे चाहते सॉल्ट लेक मैदानाबाहेर जमले, एकमेकांचे झेंडे शेजारी धरले आणि त्या मुलीसाठी एका आवाजात न्याय मागितला. पोलिसांच्या लाठ्याही दोघांनी बरोबर खाल्ल्या. शंभर वर्षे ज्यांनी एकमेकांना उद्देशून 'आम्ही' म्हटले होते, ते त्या दिवशी 'आपण' म्हणाले. त्यांनी आपापला संघ सोडला नाही, रंगही सोडले नाहीत. आपली मुलगी गेली हे त्यांना कळले, एवढेच.

आपल्या पाड्यांना हे समजायला फार लांब जावे लागत नाही. ज्या पाड्याने आज आपल्याला हरवले, त्याच पाड्याची माणसे उद्या आठवडे बाजाराला त्याच एस्टीत आपल्या शेजारी बसणार आहेत. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आपल्यातली अनेक कुटुंबे जातात. तिथे रात्री लेकरू तापाने फणफणले तर मदतीला शेजारच्या झोपडीतला तोच चढाईपटू धावून येणार आहे, ज्याला आपण मैदानात शिव्या घातल्या. उन्हाळ्यात विहीर आटली की हंडा घेऊन त्यांच्याच विहिरीवर जावे लागते.

तेव्हा पुढच्या स्पर्धेच्या वेळी युवकांनी तीन गोष्टी करून पाहाव्यात. हरल्यावर मैदान सोडण्याआधी जिंकलेल्यांचा हात हातात घ्यावा. ज्याच्या चुकीने सामना गेला असे सगळे म्हणतात, त्याच्या घरी त्याच संध्याकाळी दोघा-तिघांनी जावे आणि चहा प्यावा. आणि कोणी विचारले, "काय झालं रे सामन्याचं?", तर खाली न पाहता उत्तर द्यावे, "आपण हरलो. ते चांगले खेळले."