थंड व्हायची घाई

एका डिलिव्हरी बॉयला दिवसभरात 30 पत्त्यांवर जाऊन दुकानात परत यायचंय. अंतर कमीत कमी व्हायचं, तर कुठल्या क्रमाने जावं? शक्य मार्गांची संख्या 33 अंकी आहे. एकेक करून सगळे तपासणं कॉम्प्युटरच्याही आवाक्याबाहेरचं.

मग सोपी युक्ती करतात. कुठलाही एक मार्ग घ्यायचा, त्यातल्या दोन पत्त्यांची अदलाबदल करून बघायची. अंतर घटलं तर बदल ठेवायचा, वाढलं तर सोडून द्यायचा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण काही वेळाने असा मार्ग हाती येतो, की कशाचीही अदलाबदल केली तरी अंतर वाढतंच. याहून चांगला मार्ग कुठेतरी असतो, पण तिथे पोचायला आधी थोडं वाईट व्हावं लागतं. धुक्यात फक्त चढ धरून चालणारा माणूस टेकाडावर पोचतो आणि त्यालाच किल्ला समजतो, तसं हे.

1983 साली कर्कपॅट्रिक, जेलाट आणि वेक्ची यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रातून यावर एक उपाय मांडला: सिम्युलेटेड अनीलिंग. कल्पना धातुकामातली. लालबुंद पोलाद एकदम पाण्यात बुडवलं तर कडक होतं, पण ठिसूळही. हळूहळू निवू दिलं तर आतले ताण निघून जातात. त्यांनी प्रोग्रॅमलाही असंच एक ‘तापमान’ दिलं. ते जास्त असताना प्रोग्रॅम वाईट बदलही स्वीकारतो. समजा एका बदलाने अंतर 10 किलोमीटरने वाढतंय. तापमान 100 असेल तर तो बदल शंभरातल्या 90 वेळा स्वीकारला जाईल, 10 असेल तर 37 वेळा, आणि 1 असेल तर लाखात चार-पाच वेळा.

खरी डोकेदुखी पुढे आहे. निववायचं किती सावकाश? दर पायरीला तापमान 0.80 ने गुणलं तर 100 वरून 1 च्या खाली यायला 21 पायऱ्या लागतात. 0.95 ने गुणलं तर 90, आणि 0.99 ने 459. पुरेसं सावकाश निववलं तर सर्वोत्तम उत्तराची खात्री देता येते, हे 1984 साली गेमन बंधूंनी सिद्ध केलं. पण तितका सावकाशपणा व्यवहारात कुणालाच परवडत नाही. म्हणून हा आकडा निवडताना शेवटी विचारावं लागतं: माझ्याकडे वेळ किती आहे?

माझा मुद्दा इथे सुरू होतो. विशीतल्या मुलामुलींना आपण सांगतो, ‘रिस्क घे, चुकायला घाबरू नकोस.’ आणि त्याच तोंडाने म्हणतो, ‘पंचविशीपर्यंत सेटल हो.’ म्हणजे भट्टी पेटवायची आणि लगेच पाण्याची बादली ओतायची. मग जो तो जिथे असेल तिथेच घट्ट होतो, आणि आपण त्याला त्याचा स्वभाव म्हणतो.

चुकीचं पाऊल टाकता येणं हा निव्वळ धाडसाचा प्रश्न नाही. घरचे तीन वर्षं सांभाळून घेणार असतील, तर भलता कोर्स निवडणं हा अनुभव ठरतो. घराचा हप्ता आपल्याच पगारातून जात असेल, तर तोच निर्णय घर बुडवतो. अशा वेळी मिळाली ती नोकरी धरून बसणाऱ्याला भित्रा म्हणणं अन्यायाचं आहे. त्याच्याकडे जितका वेळ होता, तितक्यात त्याचं गणित बरोबरच होतं.

याचा अर्थ कायम भटकत राहावं असा नाही. तापमान उतरलंच नाही तर प्रोग्रॅम नुसता भरकटतो. शिवाय त्याला आतापर्यंतचं सर्वोत्तम उत्तर जपून ठेवता येतं. आपल्याला सोडलेली नोकरी किंवा तुटलेलं नातं तसं परत मिळत नाही, आणि आपल्या प्रयोगाची किंमत पुष्कळदा आईचे दागिने मोजतात. म्हणून ‘हिंमत आहे का?’ याच्या आधी विचारायला हवं: वेळ किती आहे, आणि तो कोण देतंय? आईबाप, शिक्षक, वरिष्ठ यांच्यापैकी ज्यांना तो देता येतो, त्यांनी उपदेशाऐवजी तो द्यावा.

त्या डिलिव्हरी बॉयसाठी मार्ग शोधताना प्रोग्रॅमला हजारो चुकीचे मार्ग बिनधास्त चालून बघता येतात. त्याने स्वतः एक वळण चुकवलं, तर मात्र उशीर त्याच्या नावावर लागतो.