नांदायला ये, असा हुकूम

मेहकर किंवा देऊळगाव राजाकडचं एखादं गाव मनात आणा. ओसरीवर बेलीफ आला आहे आणि माहेरी आलेल्या मुलीच्या हातात समन्स आहे. नवऱ्यानं हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 खाली अर्ज केला आहे: बायको सबळ कारण नसताना घर सोडून गेली, तिला नांदायला पाठवावं. कागद बुलढाण्याच्या कोर्टातला, भाषा मराठी. वकिलाकडे जायचंच आहे, पण त्याआधी या कागदाजवळ थोडं बसू या. एका माणसानं दुसऱ्याजवळ राहावं असा हुकूम सोडता येतो, हे मुळात कुणाच्या मनात आलं असेल?

सावकाश मागे चला, पार मध्ययुगातल्या इंग्लंडपर्यंत. तिथं लग्नाचे तंटे राजाच्या कोर्टात जात नसत, बिशपच्या न्यायालयात जात. तिथं ज्युरी नव्हती. साक्षी लिहून घेतलेल्या असत आणि निवाडा चर्चच्या धर्मकायद्यानं होई. लग्न ईश्वरासमोर झालेलं, ते माणसानं तोडायचं नाही. छळ किंवा व्यभिचार सिद्ध झाला तर वेगळं राहायची मुभा मिळे, दुसऱ्या लग्नाची नाही. आणि जो कारणाशिवाय सोडून गेला, तो नवरा असो की बायको, त्याला परत येण्याचा हुकूम होई.

इथं जरा थांबा. त्या न्यायाधीशाला दुष्ट ठरवण्याची घाई करू नका. सोडून गेलेल्याचा आत्मा धोक्यात आहे, त्याला वळवून आणणं हे आपलं काम आहे, असं तो खरोखर मानत होता. हुकूम मोडणाऱ्याला तो धर्मबहिष्कृत करी आणि त्यापाठोपाठ तुरुंगही येऊ शके. 1813 मध्ये बहिष्काराच्या जागी सहा महिन्यांपर्यंतची कैद आली. 1857 च्या कायद्यानं लग्नाचे खटले चर्चकडून काढून दिवाणी कोर्टाकडे दिले आणि हा दावाही त्यांच्याबरोबर गेला. आत्म्याची काळजी मागे राहिली, हुकूम तेवढा पुढे आला. त्या दोघांना एकमेकांपासून वेगळं करून पाहा. काळजी काढून घेतल्यावर हुकुमात काय उरतं?

जे उरतं ते 1884 मध्ये मुंबईत रखमाबाईंच्या दारी आलं. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी सासरी गेलीच नव्हती; आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढली, वाचू लागली. नवरा दादाजी भिकाजी यांनी तिला आणून द्या म्हणून हायकोर्टात दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. हा दावा इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेला आहे, हिंदू कायद्यात त्याला आधार नाही, असं त्यांनी म्हटलं. त्यावर केवढा गहजब झाला! धर्म बुडाला म्हणून जे ओरडत होते, ते परक्या चर्चच्या दाव्याची पाठराखण करत होते. टिळकांचा ‘केसरी’ही रखमाबाईंच्या विरोधात उभा राहिला. अपिलात निकाल फिरला आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. इंग्लंडनं मात्र या कारणासाठी तुरुंगात टाकणं 1884 मध्येच बंद केलं होतं. 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि पुढे लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या.

आता परत बुलढाण्याला या. ताराबाई शिंदे इथल्याच. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. रखमाबाईंवर दावा लागण्याआधी दोन वर्षं, 1882 मध्ये, ताराबाईंचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्यात छापलं गेलं. सगळे दोष बाईच्याच पदरी का, हा त्यांचा सवाल होता. या गावात तो सवाल आपला वारसा आहे असं मी मानतो, आणि समन्सचा कागद हातात घेताना तो आठवावा असं मला फार वाटतं.

रखमाबाई 1955 मध्ये गेल्या. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा झाला आणि त्यात कलम 9 बसलं. इंग्लंडनं हा दावा 1970 मध्ये रद्द केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1984 मध्ये तो वैध ठरवला. बायकोही हा अर्ज करू शकते, आणि खरोखर संसार जुळावा म्हणून काही जण तो करतातही. पण पोटगी मागितली की उत्तर म्हणून कलम 9 चा अर्ज टाकायचा, ही वहिवाट कोर्टात वावरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. माणसाला बोलावून आणता येतं. त्याचं मन त्या घरात राहील, असा हुकूमनामा अजून कुठल्या कोर्टाला लिहिता आलेला नाही. हे कलम जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ते जाईपर्यंत एवढं पक्कं लक्षात ठेवा. हुकूमनामा झाला तरी पोलीस मुलीला उचलून सासरी नेऊ शकत नाहीत, आणि तिला तुरुंगातही टाकता येत नाही. परत न जाण्याला सबळ कारण असेल, तर केवळ त्या हुकूमनाम्यामुळे पोटगी बुडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये सांगितलं आहे. तुमच्या घरी असा कागद आला, तर लोक काय म्हणतील हे नंतर पाहा. आधी मुलीला जवळ बसवा, त्या घरात काय घडलं ते विचारा, आणि तिचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.