दिसते ते आणि दुखते ते

हाडे, सांधे, स्नायू आणि पाठीचा कणा यांचे एमआरआय वाचणे हे मस्क्युलोस्केलेटल रेडिओलॉजिस्टचे काम. भारतात एमबीबीएसनंतर रेडिओडायग्नोसिसमध्ये तीन वर्षांचे एमडी आणि त्यापुढे या उपशाखेतील फेलोशिप, हा तिथवर पोहोचण्याचा नेहमीचा मार्ग. पुढचे सारे आयुष्य मंद उजेडाच्या खोलीत पडद्यासमोर जाते. ज्याचा गुडघा वाचला, त्या माणसाची गाठ बहुधा पडतच नाही. रुग्ण दुखणे घेऊन येतो आणि अहवाल बोलतो चित्राबद्दल. दुखणे चित्रात दिसते का, हा या व्यवसायाच्या मुळाशी असलेला तात्त्विक प्रश्न आहे. तो नेमका मांडायला न्यायदर्शनाची, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेची, परिभाषा फार उपयोगी पडते.

न्यायदर्शन चार प्रमाणे, म्हणजे खऱ्या ज्ञानाची चार साधने, मानते : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. एमआरआयचे चित्र वरकरणी प्रत्यक्ष वाटते. पण यंत्र शरीराचा फोटो काढत नाही. १.५ टेस्लाच्या चुंबकक्षेत्रात शरीरातील पाण्याच्या व चरबीच्या हायड्रोजन केंद्रकांना सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी दिल्या जातात, त्यांच्याकडून परत येणारा क्षीण संकेत टिपला जातो आणि गणिताने त्याची प्रतिमा रचली जाते. अशी प्रतिमा मिळवता येते हे पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये दाखवले. २००३ चे नोबेल त्यांना आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना मिळाले. म्हणजे डोळ्यांना दिसतो तो फक्त पांढरा-काळा संकेत. सूज आहे, कंडरा फाटली आहे, हे त्यावरून केलेले अनुमान.

हे अनुमान कसे फसते, याचे सुरेख उदाहरण खांद्यात सापडते. कंडरेचे तंतू मुख्य चुंबकक्षेत्राशी सुमारे ५५ अंशांचा कोन करतात, तेव्हा काही प्रकारच्या प्रतिमांत धडधाकट कंडराही उजळ दिसते आणि इजा झाल्याचा भास होतो. शिंपल्यावर चांदी दिसावी, तसाच हा प्रकार. संकेत जास्त वेळ थांबून टिपलेल्या प्रतिमेत तो उजळपणा मावळतो. खरी इजा मात्र तिथेही दिसत राहते. प्रशिक्षणाची बरीच वर्षे अशी पारख शिकण्यात जातात.

डोंगरावर धूर दिसला की अग्नी आहे असे म्हणता येते, कारण जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती पक्की आहे. या शाखेतही काही व्याप्ती जवळजवळ तितक्याच भक्कम आहेत. पुढचा क्रूशिएट लिगामेंट तुटलेला दिसला आणि मांडीच्या व नडगीच्या हाडांवर ठरावीक जागी मुका मार आढळला, तर गुडघा कसा मुरगळला असेल तेही सांगता येते. मणक्यांच्या क्षयाची चाहूल एमआरआयमध्ये साध्या एक्स-रेच्या पुष्कळ आधी लागते, आणि वेळेवर सुरू झालेले औषध माणसाचे पाय वाचवू शकते. या विद्येचे मोल अशा ठिकाणी निर्विवाद आहे.

पाठदुखीत मात्र पाय घसरतो. पाठ न दुखणाऱ्या ९८ जणांच्या कमरेचा एमआरआय काढून केलेला एक अभ्यास १९९४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यांतील ५२ टक्के लोकांत निदान एका पातळीवर मणक्यांमधली चकती फुगलेली होती, तर २७ टक्क्यांत ती एका बाजूने पुढे आलेली होती. दुखणे नाही आणि खूण मात्र आहे. जे सिद्ध करायचे ते साध्य आणि ज्या खुणेवरून करायचे तो हेतू. साध्य नसतानाही जो हेतू आढळतो, त्याला नैयायिक सव्यभिचार म्हणतात, आणि तो हेत्वाभास, म्हणजे फसवा हेतू, ठरतो. ‘गादी सरकली म्हणून पाठ दुखते’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य पुष्कळदा याच जातीचे असते. याचा अर्थ चकतीची प्रत्येक खूण निरर्थक आहे असा नाही. चकतीतला गर फुटून बाहेर येणे त्या गटात अवघ्या एका टक्क्यात आढळले होते. असा गर ज्या मज्जातंतूवर दाबतो, त्याच्याच वाटेने पायात कळ जात असेल, तर अनुमानाला खरे बळ येते. पण ती कळ कुठून कुठे जाते, हे रुग्णालाच विचारावे लागते.

न्यायमतानुसार दुःख हा आत्म्याचा गुण आहे आणि त्याचे ज्ञान ज्याचे त्याला, मनाच्या द्वारे होते. दुसऱ्याच्या डोळ्यांना ते कधीच प्रत्यक्ष नसते. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये केलेली आणि २०२० मध्ये सुधारलेली व्याख्याही वेदनेला अनुभव म्हणते. केवळ ऊतीची इजा म्हणत नाही. म्हणूनच ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावरून कोणाचे दुखणे खोटे ठरवणे हा तर्कदोष आहे, आणि अन्यायही. एखादी वस्तू दिसली नाही म्हणून ती नाहीच असे म्हणायचे, तर ती असती तर दिसलीच असती अशी स्थिती हवी. तिला योग्यानुपलब्धी म्हणतात. वेदना एमआरआयवर दिसण्याजोगी वस्तूच नाही. तिथे ती न दिसण्याने तिचा अभाव सिद्ध होत नाही.

उरते शब्दप्रमाण. अहवाल रुग्णाच्या हाती येतो तो शब्द म्हणून, आणि तो शब्द आप्ताचा मानला जातो. वस्तू जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा, तो आप्त, असे वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात म्हटले आहे. ‘झीज’ या एका शब्दाने चाळिशीतला माणूस वाकायला, ओझे उचलायला, नातवंडाला कडेवर घ्यायला घाबरू लागतो. ती खूण त्या वयात न दुखणाऱ्यांतही सर्रास आढळते, हे वाक्य अहवालात नसेल तर अहवाल खरा असूनही अपुरा आहे. दिसले काय, त्यावरून अनुमान काय आणि ते किती पक्के, हे तिन्ही वेगवेगळे लिहिणे रेडिओलॉजिस्टला जमण्यासारखे आहे. जिथे ते लिहिलेले नसेल, तिथे रुग्णाने किंवा त्याच्या घरच्यांनी उपचार ठरण्याआधी डॉक्टरांना एवढे जरूर विचारावे : माझ्या वयाच्या, काहीच न दुखणाऱ्या माणसाच्या चित्रात हे दिसले असते का?